दार कोणीकडे उघडते?

मराठी साहित्यात, विशेषतः स्त्रीजीवनाचे चित्रण करणाऱ्या नाटक-कादंबऱ्यांविषयी लिहिताना, 'उंबरठा' या शब्दाचा आपण फार सढळ हाताने उपयोग करतो. अमुक नायिकेने उंबरठा ओलांडला, तमुक नायिका उंबरठ्याशीच अडखळली, अशी वाक्ये आपल्या समीक्षेत इतकी रुळली आहेत की त्यांतून नवे काही कळेनासे झाले आहे. मात्र उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दाराकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. उंबरठा ही एक रेषा असते. माणूस तिच्या अलीकडे असतो किंवा पलीकडे. दाराला चौकट असते, बिजागऱ्या असतात, कडी असते, आणि ते आत तरी उघडते किंवा बाहेर तरी. कोणत्या बाजूच्या माणसाला ते उघडता येईल, हे या साऱ्यांवरून ठरते. काही महत्त्वाच्या नाटकांचे मर्म या साध्या गोष्टीत दडलेले आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तसे वाटण्याचे कारण वाङ्मयीन नाही, घरगुती आहे. ते आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी माझी पत्नी आमच्या धारवाडच्या घरातील न्हाणीघरात पाय घसरून पडली. आतून कडी होती. एक-दोन हिसक्यांत कडी निखळली, पण दार उघडेना. आपल्याकडील बहुतेक न्हाणीघरांप्रमाणे ते आत उघडणारे होते, आणि ती नेमकी दाराला लागून पडली होती. मी जोर लावून दार ढकलत राहिलो. आतून कण्हण्याचा आवाज आला तेव्हा माझ्या ध्यानात आले, की दार ढकलतो आहे म्हणजे मी तिलाच ढकलतो आहे. तिच्या मांडीचे हाड मोडले होते. अखेर शेजारच्या एका किरकोळ अंगाच्या मुलाने झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या काढून आत उडी घेतली, तिला अलगद बाजूला सरकवले आणि दार उघडले. या सगळ्यात पाऊण तास गेला.

नोकरीत असताना चित्रपटगृहांच्या परवान्याच्या तपासणीला मी कितीदा तरी गेलो आहे. बाहेर पडण्याची दारे बाहेरच्या बाजूस उघडतात की नाही, हे पाहून रकान्यात खूण करणे हे त्या तपासणीतले एक ठरलेले काम. या नियमामागे जगभरच्या दुर्घटना आहेत. १८८३ च्या जून महिन्यात इंग्लंडमधील संडरलंड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ संपला. बक्षिसे वाटली जात आहेत म्हणून वरच्या सज्जातील मुले जिन्याने खाली धावली. खालचे दार त्यांच्याच बाजूला उघडणारे होते आणि एकेकट्या मुलाला जाता येईल एवढेच उघडे ठेवून कडीने अडकवलेले होते. त्या चेंगराचेंगरीत १८३ मुले दगावली. हे सर्व मला माहीत होते. पण नियम सार्वजनिक इमारतींसाठी असतात, आणि आपल्या घराची तपासणी आपण कधी करीत नाही.

पत्नी रुग्णालयातून घरी येण्यापूर्वी मी सुताराला बोलावले आणि दार बाहेर उघडणारे करून द्यायला सांगितले. त्याने मान हलवली. "साहेब्र, नीर होरग बर्ताव," तो आमच्या धारवाडी कन्नडमध्ये म्हणाला. साहेब, पाणी बाहेर येईल. त्याचे म्हणणे खरे होते. न्हाणीघराचे दार आत उघडते याला कारण आहे. ओल्या दारावरून ओघळणारे पाणी आतच पडते आणि बोळातून जाणाऱ्याला दाराची धडक बसत नाही. घराचे मुख्य दार आत उघडते यालाही कारण आहे. बिजागऱ्यांचे खिळे आतल्या बाजूस राहतात, त्यामुळे चोराला ते बाहेरून उपसता येत नाहीत. जुन्या वाड्यांत दारामागे भिंतीतून ओढायचा लाकडी अडसर असे. बाहेरून कितीही रेटा आला तरी दार चौकटीऐवजी त्या अडसरावर टेके. संस्कृतातील अर्गला, मराठीतील आगळ आणि कन्नडमधील अगळी या एकाच वस्तूच्या नावांत हा संरक्षणाचा विचार शतकानुशतके टिकून आहे. दाराची प्रत्येक दिशा कुणाचे तरी रक्षण करते, आणि त्याच वेळी कुणाला तरी अडवते. हे सूत्र हाती धरून मी पुन्हा वाचायला बसलो.

मराठी रंगभूमीवर खरे दार तसे उशिरा आले. संगीत नाटकाच्या वैभवकाळात घर दाखवायचे ते रंगवलेल्या पडद्यावर. पात्रे विंगेतून येत आणि विंगेत जात. त्या घरातील स्त्री, जिची भूमिकाही बहुधा पुरुषच करी, कडी काढून बाहेर पडू शकत नव्हती, कारण कडीच नव्हती. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते बेतले होते. पडद्यांच्या जागी भिंतींची, दारे-खिडक्यांची खोली आणि स्त्रीभूमिकांत ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांच्यासारख्या स्त्रिया, या दोन्ही गोष्टी त्या प्रयोगात एकत्र आल्या. इतिहासकार त्यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करतात. मला त्या एकच वाटतात. उघडता-मिटता येणारे दार आणि ते उघडायचे की नाही हे ठरवू शकणारी स्त्री आपल्या रंगभूमीवर एकाच सुमारास अवतरल्या.

नॉर्वेतून आलेले दुसरे दार त्याहून प्रसिद्ध आहे. हेन्रिक इब्सेनचे 'अ डॉल्स हाउस' १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रंगभूमीवर आले. अनंत काणेकरांनी त्याचे 'घरकुल' हे मराठी रूपांतर १९४१ मध्ये केले. नोरा घर सोडून जाते आणि खालच्या रस्त्याकडील दार बंद झाल्याचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येतो. या एका आवाजाविषयी जगभर इतके लिहिले गेले आहे की नाटकातील बाकीच्या कुलुपांकडे कुणी पाहत नाही. हेल्मरच्या दाराला पत्रांची पेटी आहे आणि तिची किल्ली केवळ त्याच्यापाशी असते. नोराचा सर्वनाश करू शकणारे पत्र त्या पेटीत पडलेले दिसते, पण तिला ते काढता येत नाही. केसातल्या आकड्याने ती कुलूप उघडू पाहते आणि आकडा मोडतो. तिसऱ्या अंकात ती बाहेर धावू लागते तेव्हा हेल्मर बाहेरचे दार कुलूप लावून बंद करतो. घर तिचे, पण त्या घराची एकही किल्ली नवऱ्याच्या इच्छेविना चालत नाही. हे सारे लक्षात घेतल्यावर शेवटचा आवाज कळतो. नोरा बाहेर पडली एवढेच त्यातून ऐकू येत नाही. इतका वेळ दुसऱ्याच्या मुठीत असलेले दार तिने स्वतःच्या हाताने मिटलेले असते.

या नाटकाच्या इतिहासातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे. जर्मनीत नोराची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने, आपण मुलांना सोडून जाणार नाही असे म्हणत, मूळ शेवट करण्यास नकार दिला. दुसऱ्या कुणी नाटकाची मोडतोड करू नये म्हणून १८८० मध्ये इब्सेनने स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला, आणि त्याचा कडक शब्दांत धिक्कारही स्वतःच केला. या शेवटात हेल्मर नोराला मुलांच्या शयनगृहाच्या दाराशी नेतो व ते उघडतो. झोपलेली मुले पाहून ती त्या दाराशीच खचते. दोन्ही शेवटांत दार आहेच. एक रस्त्याकडे उघडते, दुसरे घराच्या आणखी आत. नाटकाचा अर्थ उलटा करायला दाराची दिशा बदलणे पुरेसे झाले, हे इब्सेनला तेव्हाच कळले होते.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात दार याहून अधिक बोलके आहे. १९६७ मध्ये 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले आणि सुलभा देशपांडे यांची बेणारे मराठी प्रेक्षकांच्या कायमची स्मरणात राहिली. या नाटकाविषयी लिहिताना आपण न्यायालयाच्या खेळाविषयी, पुरुषी दांभिकतेविषयी, शेवटच्या स्वगताविषयी लिहितो. मात्र नाटकाचा आरंभच एका कडीने होतो. त्या परक्या गावातील सभागृहात शिरताना बेणारेचे बोट कडीत चेमटते. कडी नाठाळ आहे, ती नीट बाजूला सारली नाही आणि दार लोटले तर बाहेरून लागते व आतला माणूस अडकतो, असे भाबडा सामंत तिला समजावून सांगतो. प्रेक्षक हे ऐकून विसरतो. पुढे खेळ विखारी होतो, बेणारे उठते, पर्स उचलते, दाराकडे धावते, आणि दार बाहेरून लागलेले असते.

मला या प्रसंगाचे भय असे वाटते की ती कडी कुणीच लावलेली नाही. नोराच्या घरी कुलूप लावणारा हेल्मर आहे, त्याच्याशी भांडता येते. इथे दोषी कोण? कडीचा दोष आहे, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होते. ती काशीकरांनी लावलेली नाही, सुखात्म्यांनी लावलेली नाही. ती लागली, एवढेच. पण लागल्यावर त्यांतला एकही जण दार उघडण्यासाठी मनापासून धडपडत नाही. खिळखिळ्या कडीचा लाभ मात्र प्रत्येक जण घेतो. समाजाची क्रूरता पुष्कळदा अशीच कर्मणिप्रयोगात चालते. कुणी कुणाला कोंडलेले नसते, दार 'लागलेले' असते. सरकारी नोकरीत तीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाला ही वाक्यरचना ओळखीची आहे. 'प्रकरण प्रलंबित राहिले', 'अर्ज गहाळ झाला' अशा वाक्यांना कर्ता नसतो, आणि म्हणून अपराधीही नसतो. मीही ती लिहिली आहेत.

दार शेवटी उघडते ते बाहेरून. उघडणारे लोक मदतीला आलेले नाहीत. गावकरी दार किलकिले करून आत डोकावतात, कारण त्यांना खेळ सुरू झाला की नाही हे विचारायचे आहे. आत एक स्त्री मोडून पडली आहे आणि बाहेर उभे आहेत ते प्रेक्षक, म्हणजे आपण. बाहेरून उघडणारे दार म्हणजे आपोआप सुटकेचे दार नव्हे, हे तेंडुलकरांनी या एका किलकिल्या फटीतून सांगितले आहे.

तिसरे दार आमच्याच परिसरातले. गिरीश कर्नाड यांचे बालपण शिरसीत गेले, तारुण्य धारवाडात. इथल्या कर्नाटक कॉलेजात ते शिकले. घरी कोकणी, नाटकासाठी कन्नड आणि आजूबाजूला मराठी अशा वातावरणात त्यांची घडण झाली. १९८८ चे त्यांचे 'नागमंडल' हे नाटक ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या दोन कानडी लोककथांवर उभे आहे. अप्पण्णा राणीशी लग्न करून तिला घरी आणतो, बाहेरून कुलूप घालतो आणि दुसऱ्या स्त्रीकडे निघून जातो. दुपारी जेवायला तेवढा येतो. राणीला घर आहे, नवरा आहे, छप्पर आहे. फक्त दार नाही. कुलूप बाहेर असलेले दार आतल्या माणसाच्या लेखी भिंतच असते.

मग नाग येतो. तो दारातून येत नाही, न्हाणीघराच्या मोरीतून येतो आणि अप्पण्णाचे रूप घेऊन राणीसमोर उभा राहतो. कुलूप जागच्या जागी असते. पुढे अप्पण्णा राखणीला कुत्रा आणतो, मुंगूस आणतो, तरी नाग येतच राहतो. पूर्वी हे वाचताना मला त्यात लोककथेतली गंमत आणि फ्रॉइडच्या अभ्यासकांना आवडेल असे प्रतीक एवढेच दिसे. आता त्यात एक व्यावहारिक सत्य दिसते. पुढचे दार बंद झाले की जीव मोरी शोधतो, झरोका शोधतो. ज्याला घराचा सर्वांत हीन भाग मानतात त्या वाटेने राणीला प्रेम मिळते. आमच्या घरीही मदत आली ती दाराने आली नाही, न्हाणीघराच्या झरोक्याने आली. राणी शेवटी गावासमोर वारुळात हात घालून दिव्य करते, देवी ठरते आणि अप्पण्णाला तिच्यापुढे नमते घ्यावे लागते. नाटकाचे समीक्षक या देवीपणातील उपरोधाविषयी पुष्कळ लिहितात. मला त्यात एवढेच जोडावेसे वाटते, की हे नाटक राणीला घराबाहेर काढत नाही. ती त्याच घरात राहते, पण घरावरचे कुलूप निरर्थक होते. 'उंबरठा ओलांडला की नाही' या आपल्या ठरलेल्या प्रश्नात हे नाटक मावत नाही, आणि म्हणून तो प्रश्न अपुरा आहे.

इथपर्यंत आल्यावर माझे प्रमेय सोपे झाले होते. वाईट दारे ती, ज्यांची कडी बाहेर. चांगली ती, जी बाहेर उघडतात आणि ज्यांतून मदत आत येऊ शकते. मी ते पत्नीला सांगितले, आणि त्याच ओघात हेही सांगितले की न्हाणीघराची मोडलेली आतली कडी आता पुन्हा बसवणार नाही. पुन्हा पडलीस तर कडी कशाला आडवी यायला हवी? ती तेव्हा वॉकर धरून चालत होती. थांबून म्हणाली, "अहो, दार हवे तिकडे उघडू द्या. पण कडी आतच राहील, आणि ती मीच लावीन."

या वाक्याने माझे प्रमेय कोसळले. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ मध्ये लिहिणाऱ्या स्त्रीला स्वतःची खोली हवी असे म्हटले, तेव्हा त्या खोलीच्या दाराला कुलूपही असावे, हे ती विसरली नव्हती. मी मदतीच्या नावाखाली कडी काढायला निघालो होतो. हेल्मरही नोराच्या रक्षणाच्याच गोष्टी बोलत असतो. दाराची दिशा आणि दाराची कडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दिशा ठरवते की संकटात बाहेरचा माणूस आत पोहोचू शकेल की नाही. कडी ठरवते की एरवी कुणी आत यावे हे कोण सांगणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्यांच्या बाजूने द्यावे लागते, दुसऱ्याचे आतल्याच्या बाजूने. एकाचे उत्तर देताना दुसरा हिरावून घेतला की कोंडवाडा तयार होतो, मग कोंडणाऱ्याची बुद्धी कितीही चांगली असो. या कसोटीवर तीनही नाटके पुन्हा पाहावीत. नोराकडे कडी नाही. राणीकडे कडीही नाही आणि दिशाही नाही. बेणारेकडे मात्र निवडीचा देखावा आहे. ती नोकरी करते, एकटी प्रवास करते, हसते, बोलते. पण जिच्यावर तिचा वावर अवलंबून आहे ती कडी नादुरुस्त आहे, आणि ती दुरुस्त करणे हे कुणाचेच काम नाही.

कुणी म्हणेल, हे वाचन फार यांत्रिक आहे. नाटकातील दार ही नेपथ्याची सोय, त्यावर एवढे ओझे कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रत्येक नाटकातल्या प्रत्येक दाराला असा अर्थ चिकटवू लागलो तर ती समीक्षा राहणार नाही, सुतारकाम होईल. पण या तीन नाटकांत दाराची यंत्रणा लेखकांनीच पुढे आणली आहे. किल्ली कुणाकडे, कडी कशी लागते, कुलूप कोणत्या बाजूला, हे संवादांतून आणि कृतींतून सांगितले आहे. जे लेखकाने इतक्या काळजीने लिहिले ते आपण 'उंबरठा' या एका शब्दात गुंडाळून टाकतो, एवढीच माझी तक्रार आहे.

सुताराने शेवटी मार्ग काढला. दार बाहेर उघडायचे म्हणजे बिजागऱ्यांची गाठ आपोआप बाहेर येते. चोराच्या भीतीने मुख्य दाराला जे करीत नाहीत, तेच त्याने इथे जाणूनबुजून केले. खिळे वर उपसता येतील अशा बिजागऱ्या लावल्या. कडी आत, पत्नीच्या हाताशी. वेळ आलीच तर बाहेरून तीन खिळे काढायचे आणि दार कडीसकट उतरवून ठेवायचे. पाण्यासाठी त्याने उंबऱ्याला एक बारीक उतार दिला. तरीही थोडे पाणी बोळात येते आणि मी ते पुसतो.

आपल्या परंपरेतील सर्वांत जुन्या दाराची आठवण या निमित्ताने होते. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून ताटी लावून आत बसले आणि मुक्ताबाई बाहेर उभी राहून विनवू लागली, ही ताटीच्या अभंगांमागची कथा सर्वश्रुत आहे. त्या अभंगांवर आपण अध्यात्माच्या अंगाने पुष्कळ लिहिले आहे. ताटी म्हणजे कामट्यांचा, गवताचा आडोसा. तिला आगळ कोठली? धाकट्या बहिणीने हाताने लोटली असती तरी ती बाजूला झाली असती. मुक्ताबाई ती लोटत नाही. ती तिथेच उभी राहून, आतल्याने स्वतः उघडावी म्हणून, एकामागून एक अभंग म्हणत राहते.